कालचं ऊन

गुणाजी तावडे एकोणिसाव्या वर्षी कणकवलीकडच्या आपल्या गावातून लालबागला आला आणि थेट मिलच्या बॉयलरखान्यात उभा राहिला. चार वर्षं त्यानं कोळशाच्या गाड्या ओढल्या, मग फावडं हाती आलं, आणि पुढे परीक्षा देऊन त्यानं बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट मिळवलं. अख्ख्या मिलला लागणारी वाफ तीन माणसं पाळीपाळीनं तयार करत, त्यातला तो एक. सतत भट्टीच्या तोंडाशी राहून त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या, आणि हाताची कातडी इतकी निबर झाली होती की स्टोव्हवरचं पातेलं तो फडक्याशिवाय उतरवायचा. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आगीसमोर त्याची बावीस वर्षं गेली होती.

त्याची बायको तुळसा चाळीतल्या त्यांच्या दीड खोलीत खाणावळ चालवायची. बायकापोरं गावाला ठेवून आलेले चौदा गिरणी कामगार तिच्याकडे दोन्ही वेळ जेवत. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले. पाच उरले. त्या पाचांना तुळसानं एकदाही नाही म्हटलं नाही. तांदूळ कुणी ना कुणी गावाहून आणत होतं. अडत होतं ते रॉकेलसाठी. रेशनवर महिन्याचं मिळणारं रॉकेल वीस दिवसांत संपायचं, आणि उरलेले दहा दिवस ती डबा घेऊन परळपासून हिंदमातापर्यंत फिरायची.

रिकामा गुणाजी पहिल्यांदाच दिवसभर घरात बसला, आणि घरातला स्टोव्हही त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिला. ज्वाळा पातेल्याच्या कडेनं वर निसटत होत्या. डाळीवर झाकण नव्हतं, वाफ सरळ छताला लागत होती. बराच वेळ बघून तो तुळसाला म्हणाला, "अर्धी आग तू भिंतीक जेवूक घालतंस गो."

तुळसाला राग आला. इतकी वर्षं चौदा माणसांचं रांधताना कुणी शिकवायला आलं नव्हतं, असं तिनं सुनावलं, आणि एवढं कळतं तर स्वतःच रांधा म्हणून ती दारात जाऊन बसली. गुणाजीनं ते मनावर घेतलं. तेलाचा डबा कापून त्यानं स्टोव्हभोवती पत्र्याचा आडोसा केला. डाळ रात्रीच भिजत घालायची आणि झाकणाशिवाय काही शिजवायचं नाही, असं ठरवून टाकलं. मग त्यानं एक लाकडी खोकं आणलं, त्यात जुनं सूत आणि चिंध्या ठासून भरल्या, आणि मधोमध पातेलं बसेल एवढी जागा ठेवली. भाताला उकळी फुटली की स्टोव्ह बंद करायचा, पातेलं झाकणासकट खोक्यात ठेवायचं आणि वरून गोधडी दाबायची. मिलमध्ये वाफेच्या पाइपांना जाड कवच घालतात ते यासाठीच, असं तो म्हणाला. आलेली उष्णता पळू दिली नाही, तर नवी आग कशाला लागेल?

तासाभरानं तुळसानं खोकं उघडलं. शीत न् शीत शिजलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन डाळही खोक्यात ठेवली. त्या महिन्याचं रॉकेल शेवटच्या तारखेपर्यंत पुरलं.

मे महिन्यात गुणाजीला गिरगावात एका वाडीची गच्ची डांबरायचं काम मिळालं. पावसाळ्याआधी गच्च्यांच्या भेगा बुजवायच्या, चार दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तो डांबराची बादली घेऊन पलीकडच्या टोकाला गेला, तर तिथं उन्हात एक बसकी पेटी ठेवलेली दिसली. वर काचेचं झाकण, आणि झाकणाला टेकून उभा आरसा. कुणी दुकानातलं शोकेस वाळत ठेवलं असावं असं त्याला वाटलं. वाकून बघितलं तर आत काळ्या रंगाचे तीन डबे होते, आणि काचेला आतून बारीक घाम आला होता.

बावीस वर्षं वाफ बघितलेला माणूस तो. काचेवरचा तो घाम कशाचा हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली. वायर नव्हती. पाइप नव्हता. पेटी किंचित उचलून त्यानं खाली हात घातला. बूड गार होतं.

एवढ्यात जिन्याच्या दारातून एक बाई आल्या, काखेत तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा. त्या रमाबाई, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी त्याला हटकलं नाही. जेवणाची वेळ झालीच आहे, बघायचं असेल तर थांबा, म्हणाल्या. मग पदरानं धरून त्यांनी काच वर केली आणि एका डब्याचं झाकण काढलं. भसकन वाफ आली. आत तुरीची डाळ होती, बोटानं दाबली तर पीठ होईल इतकी शिजलेली.

"बाई, आग कुठं आहे?" गुणाजीनं विचारलं.

रमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वर बोट दाखवलं. "ती काय. सव्वानऊ कोटी मैलांवर. आत्ता या डब्यावर पडतंय ना, ते ऊन आठ मिनिटांपूर्वी तिथून निघालंय."

त्यानं विचारलं, राख कुठं जाते. राख नसते, त्या म्हणाल्या. आणि धूर? धूरही नाही. गुणाजी कठड्यापाशी खालीच बसला. रोज किती फावडी कोळसा त्यानं भट्टीत लोटला होता, त्या राखेच्या किती गाड्या बाहेर काढल्या होत्या, वाफेचा काटा एक रेघ वर चढावा म्हणून किती घाम गाळला होता, ते सगळं त्याला एकदम आठवलं. आणि इथं एका बाईनं सकाळी डबे ठेवले, शाळेचे पेपर तपासत बसली, आणि जेवण झालं.

रमाबाईंनी त्याला तो काय काम करतो ते विचारलं. ऐकल्यावर त्या त्याच्या शेजारी कठड्याच्या सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं जो कोळसा जाळलात, तेही ऊनच होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांनी गोळा केलेलं, मग जमिनीत गाडलं गेलेलं. तुम्ही जुनं ऊन जाळत होतात. हे ताजं आहे, एवढाच फरक."

खालून दुसरा गडी हाका मारत होता, बादलीतलं डांबर थिजत चाललं होतं. गुणाजी उठला, पण जाताना त्यानं पेटी कशी बनवायची ते विचारलं. बाईंनी त्याचा पत्ता विचारून घेतला आणि एका तपासलेल्या पेपराच्या पाठीमागे त्याला सगळं काढून दिलं. पेटीत पेटी, मध्ये उष्णता अडवणारं भरण, आतून काळा रंग, वर काच, काचही दुहेरी.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा जेवायला बसलेल्या पाचांपैकी चौघे हसले. तुळसा हसली नाही, तिला काळजी वाटली. संपात डोक्यावर परिणाम झालेली माणसं तिनं पाहिली होती. "आगीशिवाय भात कसो शिजतलो?" एवढंच ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

गुणाजीनं आपली पत्र्याची ट्रंक रिकामी केली. तिच्यात बसेल अशी लहान पत्र्याची पेटी एका ओळखीच्या कारागिराकडून वळवून घेतली आणि स्टोव्हची काजळी तेलात कालवून तिला आतून फासली. दोन पेट्यांच्या मधे सूत कोंबलं. काचा जुन्या खिडकीच्या, आरसा कपाटाच्या दारातला. रविवारी सकाळी दहाला त्यानं गच्चीवर ट्रंक मांडली, आत भाताचा डबा ठेवला, आणि शेजारी छत्री घेऊन बसला.

गिरण्या बंद असल्यामुळे त्या उन्हाळ्यात लालबागवर धूर नव्हता. एरवी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर चिमणीची काजळी तिळासारखी पडायची. त्या वर्षी पापड पांढरेच राहिले होते. आभाळ इतकं स्वच्छ गुणाजीनं मुंबईत कधी पाहिलं नव्हतं. तरीही दोन वाजता डबा उघडला तेव्हा तांदूळ नुसते फुगले होते. पाणी कोमट होतं.

पाचही जण स्टोव्हवरचं जेवले. गुणाजी जेवला नाही. तो ट्रंकेभोवती फिरत राहिला. मग त्याला काचेच्या एका कोपऱ्यात घामाचा ओघळ दिसला, आणि त्या ओघळाशी बोट नेलं तर बारीक ऊबदार फुंकर लागली. वाफ गळत होती. बॉयलरवाल्याला आयुष्यभर एवढंच तर शिकवलेलं असतं, गळती शोध. त्यानं सायकलची फाटकी ट्यूब कापून काचेखाली चारी बाजूंनी पट्टी बसवली. दुसरी चूक रात्री त्याच्या लक्षात आली. सूर्य सरकत होता आणि ट्रंक जागच्या जागी होती. भट्टीकडे पाठ करून कुणी कोळसा टाकतो का?

सोमवारी त्यानं दर अर्ध्या तासानं ट्रंक फिरवली, आरसा वाकवला. साडेबाराला तुळसा पापड उलटायला गच्चीवर आली. काचेआड डब्याचं झाकण हलकेच थरथरत होतं. टक्, टक्, टक्. ती तिथंच थबकली. पाणी खळखळतंय हे तिला कळत होतं, पण कान काय सांगतात ते डोळे मानत नव्हते. तिनं ट्रंकेखाली वाकून पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं, पण लगेच डोळे मिटावे लागले.

गुणाजीनं डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं एक शीत चिमटीत धरून दाबलं, मग तोंडात टाकलं. "खराच शिजलो," ती म्हणाली, आणि डबा खाली ठेवून तिनं सूर्याला हात जोडले. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती जोडायचीच, पण ते सवयीनं. त्या दुपारी ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली, पायाला चटके बसत होते तरी.

मग अख्खी चाळ जिना चढून आली. ज्याला त्याला ट्रंकेखाली हात घालून बघायचं होतं. पावसाळा सुरू होईपर्यंत तुळसाचं दुपारचं रांधणं स्टोव्हवर झालंच नाही. पावसाचे चार महिने ट्रंक उलटी करून ठेवावी लागली, तेव्हा सुताच्या खोक्यानं हात दिला. ऑक्टोबरात ऊन परतलं आणि गच्चीवर एकाच्या अकरा पेट्या झाल्या. कुणी फळांचं खोकं वापरलं होतं, कुणी जुन्या रेडिओचं. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ आरशांची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून भांडायला आले आणि पेटी कशी करायची ते विचारून गेले. खाणावळीतले ते पाच जण आलटून पालटून आरसे फिरवायला बसायचे. काम नसलेल्या माणसांना निदान अर्ध्या अर्ध्या तासानं उठायचं काम मिळालं होतं.

फेब्रुवारीत दौलत आला. दौलत म्हणजे बॉयलरखान्याचा मुकादम. मिलनं थोडी माणसं जमवून काम सुरू करायचं ठरवलं होतं, पण सर्टिफिकेटवाल्या माणसाशिवाय बॉयलर पेटवता येत नव्हता. गुणाजीनं नुसती वाफ चढवून द्यावी, बाकी कुणाच्या भानगडीत पडू नये, असं दौलतनं समजावलं. तुळसा आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

गुणाजीला जायचं होतं. हे त्यानं नंतर तुळसापाशी कबूल केलं. बॉयलर मेलेल्या जनावरासारखा थंड पडून वर्ष झालं होतं आणि त्याला ते टोचत होतं. पण संपावरची पाच माणसं त्याच्या घरी जेवत होती. त्यांच्या पानात भात वाढायचा आणि त्यांच्याच मिलला वाफ द्यायची, हे त्याच्यानं झालं नसतं. त्यानं दौलतला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी चिमणीतून धूर निघाला. दुसरं कुणी तरी मिळालं होतं. गुणाजी गच्चीवरून बघत राहिला. धूर काळाकुट्ट होता. कोळसा जास्त, हवा कमी, तो स्वतःशी म्हणाला. रोज सकाळी पेट्यांच्या काचा आता फडक्यानं पुसाव्या लागत, आणि तो अकराही काचा पुसायचा. वर्षभर कधी धूर, कधी नाही, असं चाललं. पुढे तोही थांबला आणि मिलच्या दाराला कायमचं कुलूप लागलं.

१९८४च्या दिवाळीनंतर रमाबाईंचं पोस्टकार्ड आलं. परळच्या एका लहान प्रसूतिगृहात उन्हावर पाणी तापवायची यंत्रणा बसवत होते, आणि तिथल्या इंजिनिअरला पाइपातलं आणि उष्णतेतलं कळणारा माणूस हवा होता. गुणाजी दुसऱ्याच दिवशी गेला. इंजिनिअर जयवंत तिशीतला होता, बोलायला मोकळा. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या काचेच्या पेट्या बसवल्या होत्या, त्यांच्या आत काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि वरच्या अंगाला जाड कवचाची टाकी. पाणी तापलं की हलकं होऊन आपोआप टाकीत चढणार आणि टाकीतलं गार पाणी खाली उतरणार. पंप नव्हताच. पण पाणी फिरत नव्हतं. खालच्या पेट्या तापत होत्या आणि टाकी गारच राहत होती.

गुणाजीनं टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत नेला. मधे एका जागी पाइपाला बारीकसा उंचवटा होता, डोळ्यांना दिसणार नाही एवढा. त्याच्या अलीकडे चटका, पलीकडे गार. तिथं हवा अडकली होती. जयवंतला आधी पटेना. मग पातळी मोजायची पट्टी लावून बघितलं तर अर्धा इंच फरक निघाला. पाइप सोडवून, सलग चढता करून पुन्हा जोडला. दहा मिनिटांनी टाकीच्या तोंडाशी हात ठेवलेल्या जयवंतनं गुणाजीचा हात धरून तिथं टेकवला.

पाणी चढत होतं. त्याला कुणी ढकलत नव्हतं. बावीस वर्षं गुणाजीनं पाण्याला मारून मुटकून कामाला लावलं होतं, आणि इथं ते आपल्या पायानं वर निघालं होतं.

डिसेंबरात यंत्रणा सुरू झाली. नव्या पाण्याचा पहिला दिवस, म्हणून गुणाजी पहाट फुटायच्या सुमाराला तिथं हजर झाला. तासाभरापूर्वीच एक बाई बाळंत झाली होती. बाळाच्या अंघोळीचं सगळं सोनूबाईकडे असायचं. सोनूबाई वरळी कोळीवाड्याची, मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची. बाळाच्या पाण्यासाठी ती रोज पाच वाजता सिगडी पेटवायची, आणि आज तिला सिगडी पेटवू नको असं सांगितलं होतं. ती फणफणत होती. बाहेर गारठा होता, उजाडलं नव्हतं, आणि म्हणे उन्हाचं पाणी.

तिनं घंगाळ नळाखाली ठेवलं आणि नळ सोडला. थंडगार पाणी आलं. तिनं गुणाजीकडे पाहिलं. पाइपातलं आधीचं पाणी जाऊ दे, तो हळूच म्हणाला. ती तशीच बघत राहिली. मग पाणी कोमट झालं, मग ऊन ऊन, आणि मग तिनं झटक्यानं हात मागे घेतला. नळातून वाफ निघत होती. खिडकीबाहेर अजून रस्त्यावरचे दिवे जळत होते.

"सूर्य अजून उगवला पण नाय," सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मग ह्ये कुठलं ऊन?"

"कालचं," गुणाजी म्हणाला.

तिनं मान डोलावली, जणू असं काही असतं हे तिला कळायला हवं होतं. घंगाळात गार पाणी घालून तिनं कोपर बुडवून पाहिलं, आणखी थोडं गार घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग ती पाय पसरून पाटावर बसली, बाळाला पायांवर घेतलं आणि ओंजळीनं पाणी घालू लागली. बाळ आधी रडलं आणि मग रडायचं थांबलं. गुणाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याला त्या पाण्यावरून नजर हलवता येईना. काल दुपारी गच्चीवर आलेली ऊब रात्रभर टाकीत टिकली होती, आणि पृथ्वीवर येऊन जेमतेम तास झालेल्या जिवाच्या अंगावरून आता खाली ओघळत होती. आपण पूर्ण आयुष्य उष्णतेत काढलं आणि ती इतकी मऊ असते हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्याला वाटलं.

सोनूबाईनं दुसऱ्या दिवसापासून सिगडी माळ्यावर टाकली. जयवंतनं गुणाजीला सोडलं नाही. पुढची सतरा वर्षं शीवपासून गिरगावपर्यंत कितीतरी गच्च्यांवर दोघांनी मिळून पाइप चढवले.

पण त्या सकाळी तो घरी गेला आणि तुळसाला त्यानं सगळं सांगितलं. नळ, वाफ, सोनूबाईचं कोपर, बाळाचं गप्प होणं. तुळसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झील की चेडू?"

गुणाजी थांबला. मुलगा होता की मुलगी, ते बघायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.